साठ पळ्या तेल

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची पळी आहे. तुम्ही म्हणाल, पळीला कसलं आलंय आयुष्य! पण मी मोटारीच्या इंजिनासाठीही राबले आहे, आणि तिथं माझ्यामुळे एक मोठी चूक झाली. ती आज सांगून टाकते.

बेळगावच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि अनगोळच्या मालुबाईने विकत घेतलं. भाजीला एक पळी, आमटीला दोन. दुसऱ्या कुठल्या मापावर तिचा विश्वासच नसे. तिच्या पहिल्या नातवाची टाळू तिने माझ्यातल्या कोमट तेलाने भरली होती. दुसऱ्या खेपेला मात्र तिची लेक जयाबाई निपाणीला सासरीच बाळंत झाली. मालुबाईचा जीव तिकडे ओढू लागला.

पण जाणार कशी? लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून निपाणीची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. घाटात तिचा दम जाई आणि सगळ्यांना उतरून चालावं लागे. मालुबाईचा एक पाय खुब्यापासून अधू होता.

तिचा धाकटा भाऊ आण्णाप्पा मोटारी दुरुस्त करायचा. त्याच मोटारीचं इंजिन त्याच्याकडे आलं.

"आक्का, ह्यो गॅस लई मवाळ," तो म्हणाला. "त्येला पेट्रोलापेक्षा जास्त दाबाय पायजे. सहा वाट्या एका वाटीत कोंबल्या की गाडी घाट चढतीया. तुला न्हाय उतराय लागायचं."

पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये किती जागा असते आणि तो वर आल्यावर किती उरते, त्यावर हा दाब ठरतो. पिस्टनचं डोकं जेवढं उंच, तेवढी वरची जागा कमी. आण्णाप्पाजवळ दोन तऱ्हेचे पिस्टन होते, बेताचे आणि उंच. फाजील दाबाने इंजिनाची वाट लागते, म्हणून त्याने आधी बेताचे बसवले. जागा मोजायला त्याने मला नेलं. दोन्ही वेळा पळी एकच असली की झालं, असं त्याचं म्हणणं.

पिस्टन वर असताना नरसाळ्यातून दहा पळ्या तेल मावलं. मग त्याच्या तेलकट हातातून मी निसटले आणि दगडी फरशीवर आपटले. माझ्या पोटाला पोचा पडला. त्याने मला पुसलं आणि पिस्टन खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं. साठ पळ्या.

"साठाला धा. बरोबर सहा," तो हसला.

माझ्यात आता तेल कमी मावत होतं. जुन्या मापाने ते पन्नासच भरलं असतं. पळीला तोंड नसतं हे खरं, पण असतं तरी त्या दिवशी मी बोलले असते का? मला पोच्याची लाज वाटत होती.

मालुबाई मला आणि तेलाच्या बाटलीला गाठोड्यात बांधून निघाली. घाटातल्या दुसऱ्या वळणावर मोटार थांबली. सगळे उतरले. मालुबाई वीस पावलं चालली आणि दगडावर बसली. उलट दिशेच्या मोटारीने ती नातीला न बघताच परत आली. गाठोड्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आण्णाप्पा, आमटीला दोन पळ्या घातल्या, तरी तेल कमीच दिसतंय. पळीला पोचा कवा पडला रं?"

त्याने घास ताटात ठेवला आणि मला हातात घेतलं.

"मोजताना पडला, आक्का. मी दोन येगळ्या पळ्यांनी मोजलंय. चूक माझी."

त्याने इंजिन पुन्हा उघडलं आणि पोच्यासकट माझ्यानेच मोजलं. वर बारा, खाली साठ. म्हणजे पाचच! मग उंच पिस्टन बसवले. वर साडेनऊ, खाली सत्तावन्न. आता खरे सहा झाले.

पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर मोटार मंदावली. मालुबाईने सवयीने गाठोडं उचललं.

"बसा आक्का," ड्रायव्हर म्हणाला, "चढतीया."

आणि ती चढली. मालुबाईने डोळ्यांना पदर लावला.

आण्णाप्पा माझा पोचा काढून देणार होता. मालुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता मला तिचं माप ठावं हाय."

मित्रांनो, हातून एखादी वस्तू पडली तर ती नुसती पुसून ठेवू नका. तिला काय झालं ते बघा. तिला सांगता येत नाही.

निपाणीत मालुबाईने नातीला मांडीवर घेतलं. टाळूवर एक पळी कोमट तेल घातलं, आणि माझ्या पोच्यापुरतं थोडं आणखी.