पॉप्लरचं जाळीदार पान

माझ्याच्याने एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्नानंतर सुहासनी माझं चित्र काढायचा चंग बांधला होता. "हलू नकोस, हलू नकोस" म्हणून ते थकले, पण मी सारखी उठून गॅसवरचं दूध बघून यायचे. शेवटी त्यांनी माझा नाद सोडला आणि बुद्धाची चित्रं काढायला घेतली. बुद्ध हलत नाही.

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मंडळींना त्या चित्रांचा भारी अभिमान. दरवर्षी अशोक विजयादशमीला कम्युनिटी हॉलच्या भिंतीवर सुहासचं नवं चित्र लागायचं. यंदा वसंतात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचं दिसतं, पण बघावं तिथे नेमका करडा डाग. माझा चेहराही त्या डागात गेला. त्यांनी ब्रश धुतले, बादलीत उभे करून शेडमध्ये ठेवले आणि म्हणाले, "या वर्षी मी हॉलवर येणार नाही. रिकाम्या भिंतीसमोर बसून लोकांकडून कीव कशाला करून घेऊ?"

मला राग आला. वाईटही वाटलं, पण माझ्यात राग आधी पोचतो.

मंडळाच्या शिल्पाचा फोन आला. "काकू, या वर्षी बॅनर प्रिंट करून घेऊ का? तुम्ही स्ट्रेस नका घेऊ."

"मुळीच नाही. ती भिंत आमची आहे," मी ठणकावलं. तिथे काय लावायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण म्हणून आवाज कशाला खाली आणायचा?

दुसऱ्या दिवशी बसला उशीर झाला म्हणून मी वैतागून वर बघितलं. स्टॉपमागे पॉप्लरचं झाड. इतकी वर्षं त्याच्याखाली उभी राहून मी बसला शिव्या दिल्या होत्या. पानं थेट पिंपळाच्या भावकीतली. बदामी आकार, पुढे टोक, आणि वारा नसतानाही सळसळ. नागपूरला शाळेत आम्ही पिंपळाचं पान पाण्यात कुजवायचो. हिरवं सुटून गेलं की शिरांची जाळी उरायची, ती पुस्तकात जपायची. इथे कुंडीतला पिंपळ दर हिवाळ्यात मान टाकतो आणि हे झाड बिचारं कुणी न विचारता उभं आहे! मी पिशवी भरून पानं घेतली. शेजारची बाई बघत राहिली. "फॉर आर्ट," मी तिला सांगितलं.

पानं ब्रशच्या बादलीत भिजत घातली आणि ती कुजेपर्यंत वाट बघितली. मग मऊ टूथब्रश घेऊन सिंकपाशी बसले. मी रिटायर्ड डेंटिस्ट, माझा हात पक्का. तरी एकेक पान फाटत गेलं. वास घरभर.

"काय मेलंय इथे?" सुहास भिंत धरत आले.

"तुमची कला," मी म्हटलं.

माझी मलाच लाज वाटली. मग त्यांनी बादलीत हात घातला, एक पान काढलं, अंगठा फिरवला.

"अगं, हे दात नाहीत. अति घाई संकटात नेई." डोळे मिटून, नळाच्या बारीक धारेखाली ते नुसत्या बोटाने पान चोळत राहिले. हिरवं निघून गेलं, जाळी शाबूत. "ही मधली शीर. ही तिची फांदी. हिला परत फांद्या... धम्मशीला, पानाच्या आत अख्खं झाड आहे गं!"

तो आवाज मी वसंतापासून ऐकला नव्हता. मला सिंकजवळ यायची बंदी झाली आणि ती मी आनंदाने पाळली.

विजयादशमीला सुहास हॉलवर आले. भिंतीवर निळं कापड, त्यावर जाळीदार पानांचं मोठं झाड. दादासाहेब आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, त्यांनी काठी टेकत विचारलं, "सुहास, यंदा बुद्ध कुठे आहेत?"

"झाडाखालची जागा मोकळी ठेवली आहे, दादासाहेब. बसा आणि बघा."

दादासाहेब खरंच खुर्ची ओढून बसले, ते जेवणाची हाक येईपर्यंत उठले नाहीत.

परतताना आम्ही पॉप्लरखाली बसची वाट बघत होतो. पानं पिवळी झाली होती. सुहासनी झाडाकडून तोंड फिरवलं.

"समोर बघितलं की काही नाही. असं बाजूला बघितलं की सगळं झाड लखलखतंय. हलणारं मला अजून दिसतं."

मग त्यांनी माझ्याकडूनही तोंड फिरवलं. मला वाटलं दमले असतील. आयुष्यात पहिल्यांदाच मी शहाण्यासारखी स्तब्ध उभी राहिले.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "हलत राहा गं. हललीस की दिसतेस."

मी दोन्ही हात हलवले. बस थांबली. आम्ही चढलो नाही.