बिल्ल्यावरचा 'सु'

महायुद्धात अमेरिकेत विमानं चालवलेल्या मेरीबाई धुळ्याला आमच्या शेजारी राहायच्या. मायदेशी परतताना त्यांनी त्यांचा पंखांचा चांदीचा बिल्ला मला दिला. माझे धाकटे दीर, गिरधरभाऊजी, तो बघायला म्हणून जळगावच्या त्यांच्या दुकानात घेऊन गेले. मग म्हणाले, "वहिनी, हरवला तो. तसाही खोटाच होता."

पुढे कळलं, त्याचा साचा करून भाऊजी ढीगभर बिल्ले ओतताहेत आणि अस्सल म्हणून विकताहेत. तडक जळगाव गाठलं. दुकानात बिल्ले विकत घ्यायला आलेले मुंबईचे एक पारशी शेठ भिंग लावून बसले होते.

"शेठजी, डाव्या पंखामागे 'सु' दिसतो? मी सुगंधा. घराबाहेर जाणाऱ्या भांड्यावर आम्ही नाव घालतो. भाऊजींच्या हाती बिल्ला देण्याआधी तो 'सु' मीच दाभणानं कोरला."

शेठजींनी एकेक बिल्ला उलटला. साच्यातून सगळ्यांवर 'सु' उतरला होता.

मी नख फिरवून बघितलं. ओतलेली अक्षरं बोथट होती, एकच नखाला खुपलं. तो बिल्ला मी पदराला लावला.

"माझा सापडला, भाऊजी. आता तुमची अब्रू हुडका."