‘बंद’मधला द

पेंटरला थापा मारता येत नव्हत्या असं नाही, मारलेल्या निभावता येत नव्हत्या. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत व्याही सहज म्हणाले होते, "आमच्या राजधानीतलं मोठं संग्रहालय पाहिलंय का?" गप्प बसावं ना माणसानं! पण हा बोलून बसला, "पाहायचं काय त्यात? आतल्या सगळ्या पाट्या मीच तर रंगवल्यात." खरी गोष्ट अशी, की दौऱ्यावर आलेल्या तिथल्या एका अधिकाऱ्यानं तीस वर्षांपूर्वी याच्या दुकानातून पाटी रंगवून नेली होती. एक. आणि तीही काखेत मारून नेण्याएवढी. राजधानीचं तोंडसुद्धा यानं पाहिलेलं नव्हतं.

लग्नाला सहा महिने झाले. लेक राजधानीत नांदत होती, पण संग्रहालयात जायचं तर बाबांबरोबरच, म्हणून हट्टानं थांबली होती. शेवटी पेंटर बायकोला घेऊन व्याह्यांकडे येऊन उतरला. लेकीला सुट्टी गुरुवारची मिळाली. व्याह्यांना मात्र तेवढाही दम निघेना. "आपण बुधवारी एक चक्कर मारून येऊ, गुरुवारी पुन्हा जाऊ," त्यांनी पहिल्याच चहाला जाहीर केलं. बुधवारी उजाडताच पेंटरनं देवाला हात जोडले, काहीही कर, पण आज ते संग्रहालय उघडू देऊ नकोस.

आणि थोड्याच वेळात बातमी आली, सरकारी कर्मचाऱ्यांचा संप, सगळी प्रेक्षणीय स्थळं बंद. पेंटरचा जीव असा भांड्यात पडला की बायकोला आवाज ऐकू जाईल अशी भीती वाटली. तोंडानं मात्र "अरेरे, काय हे!" चाललं होतं.

"बंद तर बंद, बाहेरून बघू," व्याही म्हणाले. निवृत्त माणूस, त्यांना कोण अडवणार? मग तिघांनी राजधानी पाहिली. राजवाड्याचं कुलूप पाहिलं. तारांगणाचं कुलूप त्याहून मोठं निघालं. प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीपलीकडून सिंह ओरडला, त्याला बिचाऱ्याला संपाचं कुणी कळवलेलं नव्हतं. पेंटर इतका खुशीत आला की प्रत्येक फाटकापाशी हळहळायचा, आणि हळहळता हळहळता आणखी बाता मारायचा. "आतल्या शिल्पांच्या दालनाची पाटी रंगवताना माझी मान आठवडाभर अवघडली होती हो!" मनात म्हणत होता, मार लेका, आज कुलूप तुझ्या बाजूचं आहे.

शेवटी संग्रहालय. उंच लोखंडी फाटक, त्याला साखळी, आणि साखळीला लटकलेली एक पाटी. पेंटर तिच्याकडे पाठ करून व्याह्यांना काहीतरी सांगत होता, तेवढ्यात मागून बायको ओरडली.

"अहो! हे तुमचं अक्षर!"

त्यानं वळून पाहिलं. निळ्यावर पांढरं, ‘आज बंद आहे’. रंगाचे पोपडे निघाले होते, पण ‘बंद’मधल्या दची शेपटी तशीच, खाली जाऊन उगाच वर वळलेली.

"असा द सगळ्या जगात यांच्याशिवाय कुणी काढत नाही," बायको व्याह्यांना सांगत होती. "माझ्या स्वयंपाकघरात दाण्याच्या डब्यावर हाच, दालचिनीच्या डब्यावर हाच. तीस वर्षं डोळ्यांसमोर आहे माझ्या!"

व्याह्यांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. मग सरळ होत म्हणाले, "पण आतल्या पाट्यांवरचा द तर असा नाही. तिथला अगदी सरळ आहे."

झालं! पेंटरच्या जिभेवर थाप तयार होती. आत वेगळी शैली वापरली, साहेबांचा हुकूम होता, काय वाटेल ते चाललं असतं. पण त्याची नजर त्या शेपटीवरून हलेना. उन्हापावसात तीस वर्षं लटकली होती बिचारी, आणि हा दुसऱ्याच्या पाट्या आपल्या म्हणून मिरवत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आतल्या माझ्या नाहीत," तो म्हणाला. "एकही नाही. मी एवढी एकच रंगवली. लेकीच्या लग्नात जरा भाव खायला गेलो, व्याहीबुवा, माफ करा."

बायकोनं कपाळाला हात लावला. व्याही पुन्हा पाटीकडे वळले.

"मी धांदरट माणूस," ते म्हणाले. "दर वेळी नेमका सोमवारीच येतो, आणि सोमवारी हे बंद. आतल्या पाट्या दोनदा पाहिल्या असतील, ही पंचवीस वेळा पाहिली. आणि दर वेळी लिहिणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्यात हो!"

तिघंही फाटकाला धरून हसले. पेंटरच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग व्याह्यांनी त्याला पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. "लेकीला पाठवू का?" त्यांनी विचारलं.

"नको," पेंटर घाईनं म्हणाला. "तिला उद्या मीच दाखवतो. आणि सगळं खरंही मीच सांगतो."

"उद्या कसली दाखवता?" बायको म्हणाली. "संध्याकाळी संपाची बोलणी आहेत म्हणे. मिटला तर पाटी जाईल आत. सोमवार पाच दिवसांवर, आणि आपली गाडी परवाची."

घरी आल्या आल्या पेंटरनं बातम्या लावल्या, पुढ्यात बसला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, सकाळी मागितलं ते सोड, ते माझं चुकलंच. पण संप आणखी एक दिवस चालू दे."