सुकी धार

धार संस्थान विलीन झालं आणि जगदेवरावांची सडकेवरची ओव्हरसियरकी गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. निसरपूरला लेकीकडे राहायला आले, तर तिथंही वाकडी वाट दिसली की त्यांना चैन पडेना. शेवटी नर्मदा परिक्रमेची काठाकाठाने जाणारी पायवाट त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. काटे छाटले, ओहोळात पायऱ्या बांधल्या, वळणावळणावर चुन्याने रंगवलेले दगड मांडले. येणारेजाणारे दुवा देत, आणि रावांना तो गोडही लागे.

एका ठिकाणी ही वाट भलताच वळसा घेई. सरळ जावं तर काय, वाळूचा कोरडा पट्टा, मग एक बेट, पुन्हा तोच पट्टा, की आलंच गाव. रावांनी पांढरे दगड थेट वाळूतून मांडायला घेतले. शालिग्राम नावाड्याने हटकलं.

"साब, ये रेत नहीं, नर्मदा मैया की धार है, बरसात में यहीं से बहती है. लोग घूम के जाते हैं, तो यूँ ही नहीं जाते."

"अरे भिया, पाणी कुठंय? सुक्या वाळूला धार म्हणतोस?" राव हसले. नावाड्याने ओव्हरसियरला वाट शिकवायची म्हणजे झालंच!

माघात भवानीबाई आल्या. देवासच्या विधवा बाई, साठी उलटलेली. तीन वर्षांपूर्वी नेमावरहून निघाल्या होत्या आणि आता नेमावर दहा-बारा दिवसांवर राहिलं होतं. परिक्रमेत मैया सदा उजव्या हाताला ठेवायची, तिची धार कधी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित, पुन्हा पहिल्यापासून चाला.

पिंपळाखाली जगदेवराव त्यांना पाणी देत होते, शालिग्राम जाळं सुकवत होता.

बाई सकाळीच मागच्या गावाहून निघाल्याचं ऐकून त्याने विचारलं, "मैयाजी, इतनी जल्दी कैसे आ गईं?"

"ते पांढरे दगड होते ना, वाळूतून. त्यांच्यावरूनच आले."

शालिग्रामचा चेहरा पडला. बाईंना तेवढं पुरलं.

"ती धार होती का रे?"

त्याने होकाराची मान हलवली. बाई मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "कुणी मांडले ते दगड?"

शालिग्रामने रावांकडे पाहिलं. थांबला. राव हातातल्या तांब्यात बघू लागले.

"मैंने, मैयाजी. गलती हो गई."

"मेल्या, मैयाच्या जिवावर पोट भरतोस आणि तिची धार ओळखत नाहीस? तीन वर्षं गेली रे माझी!" बाई बोलत राहिल्या, शालिग्राम खालमानेने ऐकत राहिला. आणि ज्याने ऐकायचं तो माणूस तांब्या घेऊन निमूट घरी गेला. लेकीने ताट वाढलं, पण ते न जेवताच उठले. दगडांची लाज वाटत होतीच. त्याहून मोठी लाज वाटत होती त्या तांब्यामागे लपल्याची.

सकाळी बाई मोटारस्टँडवर बसलेल्या दिसल्या. नेमावर गाठून पुन्हा पहिलं पाऊल टाकायचं ठरलं होतं. राव तडक त्यांच्या पायाशी वाकले.

"दगड मी मांडले, बाई. शालिग्रामने तर मला अडवलं होतं."

बाईंनी पाय मागे घेतले. "मग काल का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली, म्हणून मी त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले. परिक्रमा काय, पाय चालतील तोवर पुन्हा चालेन. ते बोललेलं कुठं परत घेऊ? माझे पाय कसले धरता, त्याच्याकडे जा."

मोटार धुरळा उडवत गेली. राव नदीकडे वळले. शालिग्राम वाळूतले दगड उपटून काठावर नेऊन टाकत होता.

"शालिग्राम, मी सांगितलं त्यांना. सगळं."

"अच्छा किया, साब."

"पण तू का रे घेतलंस अंगावर?"

शालिग्रामने हातातला दगड खाली ठेवला.

"मुझे लगा, आप बीच में बोल पड़ोगे. मैं थोड़ा रुका भी था, साब."