सुसानाचा भोंगा

मित्रांनो, ज्या मोठ्या छपराखाली तुम्ही सहलीला येता आणि माझ्या उघड्या बरगड्यांकडे बोट दाखवून 'केवढी ही!' म्हणता, तिथली ती गंजलेली आगबोट म्हणजे मी. माझ्यापुढच्या पाटीवर 'चिलखती युद्धनौका ग्रॅनाइट' असे लिहिले आहे. ते खोटे नाही. पण माझे पहिले नाव सुसाना, आणि त्या नावाने मला हाक मारणारे आता कोणीच उरलेले नाही.

माझा जन्म ओहायो नदीच्या काठी झाला. ओकच्या लाकडाचे अंग, पांढराशुभ्र रंग, दोन उंच धुराडी आणि दोन्ही कुशींना दोन भलीमोठी चाके. मी मिसिसिपीवर माल आणि माणसे वाहत असे. कापसाच्या गाठी, पिठाची पिंपे, नवरीचे पेटारे. एकदा तर एक अख्खा पियानो नेला होता आणि वाटेत कोणीतरी तो वाजवलाही होता. आणि हेही सांगायला हवे, की मी साखळीने बांधलेली माणसेही नेली, दक्षिणेच्या बाजारात विकण्यासाठी. बोटीला कोणी विचारत नाही. पण त्या माणसांचे ओझे मला कापसापेक्षा फार जड होत असे.

माझे सगळ्यात मोठे वैभव म्हणजे माझा भोंगा. पितळेचा, तीन नळ्यांचा. त्याचा आवाज खर्जात सुरू होई आणि शेवटी जरा वर चढे, घरातल्या मोठ्या बाईने अंगणात येऊन मुलांना जेवायला हाक मारावी तसा. नदीवर प्रत्येक आगबोटीचा भोंगा वेगळा असे. काठावरची माणसे बोट न बघताच तिचे नाव सांगत.

तेव्हा आम्ही बोटी लाकूड जाळत असू, आणि ते घ्यायला जागोजागी वखारी असत. हिकरी वळणावर केझाया टार्प नावाच्या विधवेची वखार होती. वळण यायच्या आधी एक लांब आणि दोन आखूड भोंगे द्यायचे, म्हणजे वखारीवरचे सगळे जण मोळ्या घेऊन धक्क्यावर येत. केझायाचा मुलगा लेम्युएल हाच माझा सुकाणूवाला. भोंगा ऐकला की ती तवा तापत ठेवी आणि मक्याच्या भाकऱ्या, पीचचा मुरंबा टोपलीत घालून धक्क्यावर उभी राही. माझ्या पोटात लाकूड भरले जाई तेवढ्या वेळात मुलगा उभ्याउभ्याच जेवे.

"चावून खा रे," ती म्हणे. "नदी काही पळून जात नाही."

"नदीच तर पळते, आई," तो तोंडात घास असताना म्हणे. त्याची बहीण डॉर्कस हसे. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते.

मग युद्ध आले. एकाच देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि भाऊ भावावर बंदूक रोखू लागला. उत्तरेच्या आरमाराने मला विकत घेतले. माझे सज्जे तोडले, रंगीत काचा काढल्या, चाके आत झाकली आणि अंगावर लोखंडाचे जाड पत्रे ठोकले. पांढऱ्या रंगावर काळा रंग आला, आणि सुसाना पुसून ग्रॅनाइट हे नाव आले. खिडक्यांच्या जागी तोफांची तोंडे आली. पियानो जिथे ठेवला होता तिथे दारूगोळा रचला गेला. लोक मला बघून वाहवा करत, टोप्या उडवत. मला मात्र काठ दिसेनासा झाला होता.

जुन्यातले दोघेच राहिले, भोंगा आणि लेम्युएल. त्याचे घर दक्षिणेच्या काठावर, पण त्याने उत्तरेची नोकरी धरली, कारण माझ्या डेकवरच्या साखळ्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आता मी कोळसा खात असे. भट्टीवर प्राइमस नावाचा उंच, काळा माणूस होता. त्याला मी ओळखले. त्याच साखळ्यांमध्ये बांधून त्याला एकदा माझ्यावरून नेले होते. पुढे मालकाच्या शेतातून पळून तो आरमारात आला.

"मागच्या खेपेला या बाईनं मला नेलं होतं," तो लेम्युएलला म्हणे. "आता मी हिला नेतोय. आणि खायला किती लागतं हिला, लेमभाऊ! तुमच्या आईच्या हातचं खाऊन लाडावलीय."

युद्धाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात आम्हांला हुकूम आला. हिकरी वळणाच्या टेकाडावर दक्षिणेने तोफांचा मोर्चा बांधला होता, तो मोडायचा. टेकाडाच्या पायथ्याशीच टार्पांची वखार. त्या सकाळी लेम्युएलने न्याहारीला हात लावला नाही. आमचे कप्तान ऑलिफंट सुकाणूच्या खोलीत आले तेव्हा तो समोरच्या पाण्यावरची नजर न काढता बोलला.

"कप्तानसाहेब, त्या तोफांच्या खाली माझी आई राहते. बहीण राहते. मारा सुरू करायच्या आधी त्यांना पळायला वेळ द्या. मी भोंगा देतो."

"म्हणजे शत्रूलाही सावध करतो म्हणा की."

"आपला धूर त्यांना केव्हाचा दिसतोय, साहेब. भोंग्यानं त्यांना नवीन काय कळणार?"

कप्तान कडक होते, पण वाईट नव्हते. "वाजवा," ते म्हणाले. "पण त्या वाळक्या झाडापाशी पोचलो की मी थांबणार नाही."

लेम्युएलने दोरी ओढली. आधी एक लांब, दोन आखूड. मीच आलोय हे त्यांना कळावे म्हणून. त्यामागोमाग लगेच आखूड, आखूड, आखूड. नदीवर धोक्याला वाजवतात तसे, दम लागेपर्यंत. माझ्या लोखंडी अंगातून तो जुना आवाज निघाला तेव्हा मला क्षणभर वाटले, की मी पुन्हा पांढरी झाले.

वाळके झाड आले. तोफांवरच्या गड्यांना त्यांच्या खिडकीतून टेकाड आणि धूर एवढेच दिसत होते. धक्का दिसला तो फक्त लेम्युएलला, वरच्या फटीतून. धक्क्यावर माणसे उभी होती. मोळ्या घेऊन आली होती. पुढे एक म्हातारी, हातात टोपली.

त्याने घंटेची दोरी ओढली, खाली तोफखान्याशी बोलायच्या नळीतून ओरडला, "थांबा! आई आहे!" पण पहिली तोफ सुटली होती. गोळा टेकाडापर्यंत पोचलाच नाही. तो वखारीच्या छपरावर पडला आणि रचलेले लाकूड धक्क्यावर कोसळले. मग वरच्या तोफा बोलू लागल्या, आमच्या बोलू लागल्या, आणि पुढचे काही थांबवणे कोणाच्याच हातात राहिले नाही.

दुपारी टेकाड शांत झाले. प्राइमसने लहान होडी वल्हवत लेम्युएलला काठावर नेले. मोळ्यांच्या ढिगाशेजारी डॉर्कस बसली होती. आईचा चेहरा तिने स्वतःच्या ओढणीने झाकला होता. भावाकडे तिने वर पाहिलेही नाही.

"मी पळा म्हणून वाजवला होता, डॉर्कस," तो म्हणाला. "मागचे भोंगे ऐकले नाहीत का तुम्ही?"

"पहिलाच ऐकला," ती म्हणाली. "दोन वर्षांत एक बोट थांबली नाही इथं. आई म्हणाली, लेम आला, भुकेला असेल. पुढचं ऐकायला थांबलं कोण?" मग म्हणाली, "त्या भोंग्यानं आजवर आम्हांला बोलावलंच होतं रे. पळा असं तो कधी म्हणालाच नव्हता."

प्राइमसने डोक्यावरची टोपी काढली आणि खाली सापडलेल्यांसाठी तो ढिगातली लाकडे एकेक करून बाजूला ठेवू लागला. ते संध्याकाळपर्यंत चालले होते.

परत आल्यावर लेम्युएलने चाकूने माझ्या भोंग्याची दोरी कापली. त्यानंतर मी मुकी झाले. माझे पुढचे आयुष्य थोडकेच. पाण्यात दडवलेल्या सुरुंगावर मी गेले, माणसे वाचली, मी बुडाले. प्राइमसने उडी मारण्याआधी भट्टीच्या दारावर हात ठेवला होता, तेवढे आठवते. मग गाळ साचला, नदीने वाट बदलली, माझ्या डोक्यावर विलोची झाडे वाढली. माझी आठवण कोणाला राहिली नाही. लेम्युएल वखारीवर परतला आणि तिथेच म्हातारा झाला, एवढे पुढे माझ्या पाटीपाशी उभे राहून कोणीतरी सांगत होते.

शंभर वर्षांनी मला बाहेर काढले. आता लोक माझे पत्रे मोजतात, तोफांसोबत फोटो काढतात. माझा भोंगा काचेच्या पेटीत आहे. परवा इथल्या संग्रहालयाचे साहेब म्हणत होते, की येत्या जत्रेला त्यात हवा भरून तो वाजवायचा, आणि लगेच पाठोपाठ तोफेचा बार काढायचा, म्हणजे मुलांना मजा येईल.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढेच मागते. माझ्या पत्र्यांवरचा गंज काढा, नाही काढलात तरी चालेल. पण ज्या आवाजाने कोणाला घरी जेवायला बोलावले असेल, तो आवाज लढाईच्या कामाला देऊ नका. माणसे तो पुरता ऐकून घेत नाहीत, धावत येतात. माझा भोंगा जरूर वाजवा. फक्त त्या दिवशी तोफ राहू द्या. काठावर एक चूल पेटवा, मक्याच्या चार भाकऱ्या भाजा, आणि जो कोणी आवाज ऐकून येईल त्याला आधी जेवायला वाढा.