भरीव ठोकळा

आमच्या मुख्याध्यापकांचा लाडका शब्द म्हणजे ‘भरीव’. मर मर मरा, त्यांचं आपलं एकच, “बाई, भरीव काही दिसत नाही.” नोकरीत कायम करा म्हणून मी दरवर्षी अर्ज करते, त्यावरही सहा वर्षं हाच शेरा. आज तपासणी होती. तपासणीस बाईंसमोर माझा पाठ ठरलेला: सजीवांच्या पेशी लहान का असतात? पाठ रंगला तर सर शिफारस करणार होते. नाही तर सातवं वर्षही हंगामीच.

मी गुलाबी जेलीचे बारके ठोकळे कापून ठेवले होते. ठोकळा म्हणजे पेशी, आम्ल म्हणजे तिचं अन्न. सौम्य आम्लात टाकले की दहा मिनिटांत पार आतपर्यंत रंग उडतो. सरांनी बघून नाक मुरडलं.

“हे काय, फासे खेळायचेत? मागच्या बाकावरून दिसायला नको? एकच करा, पण भरीव!”

शहाण्याला शब्दाचा मार. मी चांगला विटेएवढा ठोकळा केला.

तपासणीस बाई येऊन बसल्या. ठोकळा आम्लात बुडवला. दहा मिनिटांनी सुरीनं कापला, तर कडेकडेचा रंग गेलेला आणि आत सगळं गुलाबीच्या गुलाबी.

“फसला प्रयोग!” सर भर वर्गात ओरडले. माझी जीभ कुठली गप्प बसतेय.

“प्रयोग नाही फसला, सर. पेशी मेली. ठोकळ्याची बाजू दुप्पट केली की कातडी चौपट होते आणि पोट आठपट. खाणारे आठपट, दारं चौपट! आतल्यांनी उपाशी मरायचं का? म्हणून पेशी बिचारी लहानच राहते. तिला भरीव हो म्हणून कोणी सांगत नाही.”

तपासणीस बाई खूश. “वा! नेहमीच्या लहान ठोकळ्यांनी हे इतकं पटलं नसतं.”

“कल्पना माझीच,” सर म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा!

“अशी माणसं टिकवा हो. बाई कायम आहेत ना?”

“आहेत... म्हणजे, होतीलच की.”

या वर्षीचा अर्ज माझ्या पर्समध्येच होता. तो मी सरांपुढे ठेवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. तपासणीस बाई बघत होत्या. सरांना धड हसता येईना, धड चिडता येईना. शेवटी त्यांनी शिफारस लिहून सही केली.

सहा वर्षांत पहिल्यांदा या माणसाला मनापासून थँक्यू म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.