चढावरची टिकटिक

काकूंना जे काही महत्त्वाचं बोलायचं असे, ते त्या नेमकं चढावर बोलत. दुसरीकडे वेळ कुठे होता? सकाळी उठल्यापासून धावाधाव, आणि संध्याकाळी घरी आल्यावर काका हातपाय धुऊन खुर्चीत बसले की पाठ टेकताक्षणी घोरायला लागायचे. दिवसभरात दोघं शेजारी शेजारी, जागे आणि रिकाम्या हातांनी बसायचे ते पिकअपमध्ये, डोंगराचा रस्ता चढताना.

धंदा साधाच होता. खाली सोडा-लेमनच्या कारखान्यात क्रेट भरायचे, वरच्या वस्तीतल्या दुकानांना पोचवायचे आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून खाली आणायच्या. काका गाडी चालवणार, काकू बाजूला बसणार, दुकान आलं की दोघं मिळून क्रेट उतरवणार. लग्नानंतर काही वर्षांतच हे सुरू झालं आणि मग थांबवायचं कुणाला सुचलंच नाही. सगळा बाजार त्यांना काका-काकू म्हणायचा. त्यांची खरी नावं बहुधा बँकेलाच ठाऊक असावीत.

पाठीमागे काचेच्या शेकडो बाटल्या एकमेकींवर आपटत असायच्या. त्या गोंगाटात काकूंनी लेकीचं लग्न ठरवलं होतं, घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, दिराशी समेट केला होता. म्हणजे बोलल्या होत्या त्या. काका "हो", "बघू" आणि "तू म्हणशील तसं" या तीन उत्तरांवर संसार करून मोकळे झाले होते. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा एका शब्दाने अडवत नाही.

गेल्या काही महिन्यांत काकूंनी एकच विषय लावून धरला होता. पाठ पार कामातून गेली होती. क्रेट उचलला की कमरेतून जी कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत जायची. लेक दुसऱ्या गावी होती, मोठं घर होतं, ती कधीची बोलावत होती. "अहो, मला आता नाही जमत," काकूंनी चढावर सांगितलं. काका म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा सांगितलं, "मी लेकीकडे जाते. कायमची. तुम्हाला गाडी सुटत नसेल तर तुम्ही राहा इथे." काका समोर बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं."

काकूंना ते फार लागलं. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून ओझी वाहिली आणि जाते म्हटल्यावर या माणसाने 'का' म्हणूनही विचारू नये? भांडला असता तरी बरं वाटलं असतं. त्यांनी रविवारच्या बसचं तिकीट काढलं आणि बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवली.

त्याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. जुनी पिकअप अखेर भंगारात गेली आणि काकांनी एक वापरलेली, पण बरीच नवी पिकअप घेतली. आणि कारखान्याने काचेच्या बाटल्या बंद करून प्लास्टिकच्या सुरू केल्या.

प्लास्टिकची बाटली हूं की चूं करत नाही. पहिल्या दिवशी तर काकूंना आपण माल भरायला विसरलो असंच वाटलं. गाडीत इतकी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, मधल्या वळणावर चढ उभा झाला तेव्हा, पुढून आवाज आला. टिकटिक, टिकटिक. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. रस्ता सपाट झाला की बंद, चढ लागला की पुन्हा सुरू.

"अहो, कसला आवाज येतोय?"

"बाटल्या गं," काका म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिलं. प्लास्टिकच्या बाटल्या आपापल्या जागी गुमान उभ्या होत्या. थट्टा करतायत, असं समजून त्या गप्प बसल्या. थट्टेला हसण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

चार-सहा दिवस असेच गेले. टिकटिक वाढत गेली आणि गाडीचा दमही कमी होत गेला. शुक्रवारी मधल्या वळणावर गाडीने मान टाकायचीच बाकी ठेवली. काका चौथा गिअर सोडायला तयार नव्हते, गाडी पुढे जायला तयार नव्हती, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला होता. काकू मान वळवून मागे बघायला लागल्या तेव्हा कुठे काकांनी गाडी कडेला घेतली. माल कसाबसा पोचवून उतरताना काकू म्हणाल्या, "आज मिस्त्रीकडे घ्या. मी ऐकणार नाही." या वेळी त्यांनी हाताने गॅरेजकडे खूणही केली, म्हणून असेल कदाचित, काकांनी गाडी तिकडे वळवली.

मिस्त्री जुना ओळखीचा होता. तोंड आणि पाना एकाच वेळी चालवणारा माणूस. त्याने बॉनेट उघडलंच नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेली मळकी पट्टी अंगठ्याने पुसली.

"काका, हे वाचलंत कधी?"

"काय ते?"

"पंच्याण्णव ऑक्टेन किंवा त्यावरचं. तुम्ही कुठलं घालताय?"

"आपलं नेहमीचं."

"म्हणजे एक्क्याण्णव. वाटलंच मला."

काकांनी हात झटकला. "पेट्रोल ते पेट्रोल. ती वरची थेरं मोटारवाल्या साहेबांची. जन्मभर साधंच घातलंय मी, काही झालं नाही."

"जुन्या गाडीत नाही झालं. त्या बिचारीच्या इंजिनात दाबच कमी होता. तिच्यात भारीतलं घातलं असतंत तर मीच तुम्हाला वेड्यात काढलं असतं." मिस्त्री टाकीला टेकून उभा राहिला. आता हा माणूस सोडणार नाही, हे काकूंनी ओळखलं आणि एक टायर बघून त्यावर बसल्या. "हिला टर्बो आहे. आत हवा कोंबून भरते. आता बघा, प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल एका टोकाकडून शिस्तीत पेटत जायला हवं. साध्या पेट्रोलला एवढा दाब सोसत नाही. वर माल भरलेला, वर चढ, वर तुम्ही गिअर पाडत नाही. मग ते पलीकडच्या कोपऱ्यात आपलं आपणच भडकतं. पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसते. तोच आवाज, टिकटिक. मोठ्या आकड्याचं पेट्रोल जास्त ताकदीचं नसतं काका, त्याला दाब जास्त सोसतो, एवढंच."

"मग गाडी बंद का नाही पडली?" काकूंनी विचारलं.

"आत एक सेन्सर असतो, तो सांभाळून घेतो. ठिणगी उशिरा पाडतो, म्हणून दम कमी पडतो. पण त्यानेही किती दिवस सांभाळायचं? एक दिवस पिस्टन फुटेल आणि मग अख्खं इंजिन बाहेर." त्याने हात पुसले. "चला, एकदा चढावर ऐकून येऊ."

गाडी मिस्त्रीने चालवली. काकू मध्ये बसल्या, काका पलीकडे खिडकीशी. काका आजवर स्टिअरिंगसमोरच बसत आले होते. त्यामुळे काकू त्यांच्या या बाजूला कधी बसल्याच नव्हत्या. बसताना कमरेत कळ आली आणि त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "मेली पाठ."

"जरा पुढे सरकून बस," काका म्हणाले. "उशी देऊ का?"

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. गाडीत बसून या माणसाने शेवटचं धड उत्तर कधी दिलं होतं, ते त्यांना आठवेना.

गॅरेजच्या वरच्या चढावर मिस्त्रीने मुद्दामच गिअर न पाडता पाय दाबला. टिकटिक सुरू झाली. स्वच्छ, कुणालाही ऐकू यावी अशी. काका खिडकीबाहेर बघत होते. मिस्त्रीने पाय काढला, आवाज विरला, गाडी आपसूक संथ झाली. मग तो मोठ्याने म्हणाला, "येतोय ना आवाज, काका?"

"हो, येतोय की," काकांनी मान डोलावली. "टिकटिक, टिकटिक."

गाडीत पूर्ण शांतता होती.

मिस्त्रीने काकूंकडे पाहिलं आणि पटकन नजर रस्त्याकडे वळवली. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नसे तो माणूस गॅरेज येईपर्यंत अवाक्षर बोलला नाही. उतरल्यावर त्याने घसा खाकरून काकूंनाच सांगितलं, "आत्ताच वरचं पेट्रोल घ्या. टाकीत साधं आहे थोडं, ते मिसळेल, हरकत नाही. चढावर गिअर पाडायला सांगा. त्यानेही आवाज राहिलाच तर गाडी आणा, आत काजळी धरली असेल, ती काढू."

पेट्रोल पंप फार लांब नव्हता. काकू पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. लेकीचं लग्न, छप्पर, दीर, सगळं एकेक करून आठवत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते "हो" आणि "बघू" जसेच्या तसे बसत होते. खात्री करून घ्यायची म्हणून, समोर बघत, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अहो, आपलं घर पेटलंय."

"बघू," काका म्हणाले.

काकूंना हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पंपावर रांग होती. काकांनी इंजिन बंद केलं. काकूंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांचं तोंड आपल्याकडे फिरवलं आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

काकांनी आधी कानावर हात ठेवून पाहिलं, मग समोरच्या गाडीकडे बघितलं, मग स्टिअरिंगवरची धूळ पुसली. टाळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "झाली बरीच वर्षं. तुझ्या बाजूचा कान तर पार गेलाय. दुसऱ्याने माणसाचं बोलणं कळतं, बारीक आवाज नाही कळत."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू गाडी चालवू दिली नसतीस."

"नसतीच दिली. अहो, माणूस मेला असता एखादा."

"म्हणून तर तुला बरोबर घ्यायचो." काका अगदी सहज सांगत होते, गुपित नव्हतंच जणू. "मागून कुणी हॉर्न दिला की तू मान वळवतेस. रुग्णवाहिका आली तरी वळवतेस. मी आरशात बघतो आणि तुझी मान बघतो. मान हलली की गाडी बाजूला घेतो."

काकूंच्या मनात संताप असा उसळून आला की पंपावर चार लोक नसते तर त्यांनी काय केलं असतं, देव जाणे. "मी क्रेट उचलायला येत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या एकट्याच्याने उचलवणार नाहीत म्हणून. पाठीचा भुगा करून घेतला मी. आणि तुम्हाला हवी होती माझी मान? क्रेट उचलायला दुसरा कुणी ठेवता आला असता. मी नुसती बसले असते."

"सगळं समजलं नाही," काका म्हणाले. "जरा हळू बोल, आणि इकडे बघून."

काकू त्यांच्याकडे बघून बोलल्या. एकेक शब्द सुटा करून. पाठीचं सांगितलं. रविवारच्या तिकिटाचं सांगितलं. पलंगाखालच्या बॅगेचं सांगितलं. जाते म्हणाले होते आणि तुम्ही हो म्हणालात, तेही सांगितलं.

काकांचा चेहरा उतरत गेला. "मी हो म्हणालो?"

"'तू म्हणशील तसं,' म्हणालात."

"मला वाटलं, दुकानांचं काहीतरी बोलतेस." त्यांचे हात स्टिअरिंगवरून खाली मांडीवर आले. मग ते म्हणाले, "मी पण दमलोय गं. रोज रात्री झोपताना वाटतं, उद्या सकाळी ही गाडी सुरूच होऊ नये. पण तू रोज तयार होऊन दारात उभी असायचीस. म्हटलं, हिला सुटत नाहीये, तर आपण कसं थांबायचं?"

काकूंचे दोन्ही कान शाबूत होते आणि हे त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं, कारण हा माणूस बोललाच नव्हता, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. राग अजून होताच, पण तो धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो.

रांग सरकली. पंपावरचा माणूस काचेशी वाकला. "कुठलं घालू? फुल करू?"

काकांना ऐकू गेलं नाही. ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"वरचं घाला. पंच्याण्णव," काकू म्हणाल्या. "आणि फुल नको." त्यांनी लेकीच्या गावाचं नाव सांगून विचारलं, "तिथपर्यंत जाण्यापुरतं किती लागेल?"

त्या माणसाने मनात हिशेब केला. "आणि परतीचं?"

"परतीचं नको."

हे काकांना कळलं. ओठांवरून कळलं की चांगल्या कानाने, कोण जाणे. "तिथे जाऊन मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही करू नका," काकू म्हणाल्या. "दोघांनी मिळून काही करायचं नाही."

काकांनी थोडा वेळ विचार केला आणि टाकीचं झाकण उघडायचा खटका ओढला.